एसीची हवा जाते कुठे? सोलापुरातल्या घरांच्या लपलेल्या फटी शोधायच्या आणि बुजवायच्या कशा

दीड टनाचा एसी, दहा बाय बाराची खोली, आणि तरी मे महिन्याच्या दुपारी आकडा २८ च्या खाली उतरत नाही. मेकॅनिक फिल्टर धुतो, गॅसचं प्रेशर बघतो, सगळं ठीक आहे म्हणतो. अशा वेळी एसी सोडून खोली तपासायला घ्यावी. विटांचं पक्कं घर, वर स्लॅब, आतून-बाहेरून गिलावा, म्हणजे हवा जायला वाव नाही असं वाटतं. भिंतीतून हवा जात नाही हे खरंच आहे. ती जाते सांध्यांतून: चौकट आणि भिंत, बीम आणि वीटकाम, पाईप आणि भोक यांच्या मधून. या जागा पडद्यामागे, फर्निचरमागे नाहीतर फॉल्स सीलिंगच्या वर असतात, म्हणून वर्षानुवर्षं दिसत नाहीत.

फट किती मोठी, याचा अंदाज डोळ्याला येत नाही. तीन फुटी दाराखाली १० मिलिमीटर जागा असेल तर ती ९० चौरस सेंटिमीटर झाली, म्हणजे भिंतीला चार इंची पाईपचं भोक पाडून तसंच उघडं ठेवल्यासारखं.

सोलापुरात या फटी वर्षातून दोनदा त्रास देतात, आणि दोन्ही वेळचा त्रास वेगळा. एप्रिल-मेमध्ये बाहेरची हवा ४२ अंशांची पण कोरडी असते. तिच्याबरोबर धूळ येते, पण खोलीत दमटपणा फारसा वाढत नाही. एक किलो अशी हवा २५ अंशांवर आणायला एसीला साधारण १७ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. जुलैच्या संध्याकाळी बाहेर २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर फक्त तीन अंशांचा फरक, म्हणजे काम सोपं असं वाटेल. पण त्या एक किलो हवेत २१ ग्रॅमच्या आसपास वाफ असते आणि आरामाच्या खोलीत ती साडेदहा ग्रॅमच हवी. उरलेल्या वाफेचं पाणी करायलाच सुमारे २५ किलोज्यूल जातात. थोडक्यात, पावसाळ्यात आत आलेली हवा किलोमागे उन्हाळ्यापेक्षा महाग पडते. शिवाय त्या दिवसांत पश्चिमेचा वारा जोरात असतो आणि तो त्या बाजूच्या प्रत्येक फटीतून हवा आत दाबतो. कपाटातल्या साड्यांना येणारा कुबट वास आणि एसीच्या पाईपभोवती धरलेली काळी बुरशी यांच्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

आधी ठरवा, हद्द कोणती

बाजारातून सिलिकॉनची नळी आणायच्या आधी एक गोष्ट कागदावर काढा: गार हवा आणि गरम हवा यांच्यामधली हद्द कुठून जाते? पुढचं सगळं काम या रेषेवरच होतं. रेषा अर्धवट सोडली की उरलेल्या भागातून हवा जातच राहते.

जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये एसी फक्त बेडरूमला असेल, तर हद्द बेडरूमच्या भिंतींची. हॉलकडचं दार आणि आतल्या बाथरूमचं दार हेही त्या हद्दीत मोडतात. हॉलच्या खिडक्यांवर खर्च करून बेडरूमला फायदा नाही. माळा खोलीत उघडत असेल तर माळ्याची मागची भिंत आणि त्यातला झरोका ही हद्द. माळ्याची लाकडी झडप कितीही घट्ट बसवली तरी ती सीलचं काम करत नाही.

फॉल्स सीलिंगच्या खोलीत इथेच चूक होते. वर आरसीसी स्लॅब असेल तर हद्द स्लॅब आणि त्याला भिडणाऱ्या भिंती. लाइटच्या भोकांभोवती सील करणं वाया जातं. मात्र सीलिंगच्या वरचा भिंतीचा भाग बरेचदा गिलाव्याविनाच राहिलेला असतो आणि वायरमनने शेजारच्या खोलीत वायर न्यायला पाडलेली भोकं तशीच उघडी असतात. एखादा लाइट उतरवून त्या भोकातून मोबाइल आत धरा आणि फ्लॅश लावून चारी भिंतींचे फोटो काढा.

वर पत्रा असेल तर हिशेब उलटा. पत्र्याखालची हवा दुपारी भट्टीसारखी तापते, तिला बाहेर जाऊ द्यायलाच हवं. म्हणून पत्र्याच्या पन्हळीखालच्या फटी उघड्या ठेवायच्या, आणि हद्द धरायची ती खालच्या पीव्हीसी किंवा जिप्समच्या सीलिंगची. तिथे मात्र लाइटचं प्रत्येक भोक, भिंतीलगतची कडा आणि पंख्याच्या रॉडभोवतीची जागा सील करावी लागते. सीलिंग नसलेल्या पत्र्याच्या खोलीत एसी नसेल तर वरच्या फटींना हातच लावू नका. साठलेली गरम हवा तिथूनच बाहेर पडते.

आणि एक ठळक सूचना: खोलीत कूलर चालत असेल तर हे काम त्या खोलीसाठी नाही. कूलर बाहेरची हवा ओढून आत ढकलतो आणि आतल्या हवेला बाहेर जायला वाट लागते. खिडक्या-दारं बंद करून कूलर लावला की अर्ध्या तासात खोली दमट आणि चिकट होते. एकाच खोलीत उन्हाळ्यात कूलर आणि पावसाळ्यात एसी असेल, तर उघडता येणारी खिडकी उघडती ठेवून बाकीचं कायमचं बुजवा.

शोध

सर्वात स्वस्त साधन म्हणजे धूळ. हवा फटीतून येते तेव्हा धूळ कडेला गाळून जाते, म्हणून सहा महिने न पुसलेल्या घरात फटी स्वतःच सापडतात. खिडकीच्या मधल्या उभ्या सांध्यावर, स्विचबोर्डच्या प्लेटच्या कडेला, पंख्याच्या वरच्या वाटीभोवती, स्प्लिट एसीच्या मागे तपकिरी-काळ्या रेघा शोधा. पूर्व भागात पॉवरलूमजवळच्या घरांत तिथे सुताचे तंतू अडकलेले दिसतात.

नंतर उदबत्ती. गॅस, गॅस गिझर आणि देवाचा दिवा बंद करा. बाहेर उघडणारी दारं-खिडक्या लावा, आतली दारं उघडी ठेवा, पंखे आणि एसी बंद करा. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन पाच मिनिटं चालू द्या. घरातली हवा बाहेर ओढली जाते आणि तिची जागा भरायला प्रत्येक फटीतून बाहेरची हवा आत शिरते. पेटलेली उदबत्ती भिंतीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर धरून सावकाश फिरवा. धूर सरळ वर जात असेल तर ठीक, खोलीच्या आत ढकलला जात असेल तर समोर फट आहे. वारा पडलेला असताना, म्हणजे पहाटे, हे केलेलं चांगलं. पडद्यापासून उदबत्ती लांब ठेवा.

सापडलेल्या प्रत्येक जागी मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून त्यावर रुंदी लिहा. मापायला एटीएम कार्ड वापरा. एक कार्ड पाऊण मिलिमीटर जाड असतं, चार एकत्र धरली की ३ मिलिमीटर. रुंदीवरूनच माल ठरतो.

कोणत्या फटीला काय

भिंत आणि लाकडी चौकट यांच्यातल्या ५-६ मिलिमीटरपर्यंतच्या फटीला ॲक्रिलिक सीलंट घ्या. त्यावर रंग लागतो. ॲल्युमिनियम आणि काचेला न्यूट्रल सिलिकॉन. त्यावर रंग बसत नाही, म्हणून रंगाशी जुळणारा शेड आधीच मागा. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन काचेला चालतं, पण गिलावा, तांब्याचा पाईप आणि गॅल्व्हनाइज्ड पत्रा यांच्यावर नको. त्यातलं आम्ल धातूला खातं आणि सिमेंटवर त्याची पकड टिकत नाही.

१० मिलिमीटरहून मोठ्या आणि खोल पोकळीला पीयू फोम, म्हणजे डब्यातून फवारला की फुगणारा फोम. हा फोम हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो, म्हणून कोरड्या दिवसांत पोकळीत आधी पाण्याचा फवारा मारावा लागतो. पोकळी अर्धीच भरा, उरलेली तो फुगून भरतो. पूर्ण भरली तर चौकट आत वाकते आणि मग दार घासायला लागतं. वाळल्यावर बाहेर आलेला भाग कटरने कापून वर सीलंट किंवा गिलावा द्या, कारण उन्हात उघडा राहिलेला फोम पिवळा पडून भुगा होतो. शेगडीजवळ तो वापरू नका, तो पेटतो.

व्हाइट सिमेंट, पीओपी आणि एम-सील ही आपल्याकडची लाडकी औषधं. सांधा हलता असेल तर तिन्ही निरुपयोगी. दीड मीटरची ॲल्युमिनियम चौकट हिवाळ्याच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत, म्हणजे ४० अंशांच्या फरकात, जवळजवळ दीड मिलिमीटर लांबते. कडक माल ते सहन करत नाही आणि पहिल्याच उन्हाळ्यात केसाएवढी चीर पडते.

मालाचा हिशेब असा: २८० मिलिलिटरच्या एका नळीत ६ बाय ६ मिलिमीटरची रेघ पावणेआठ मीटर जाते. चार बाय चार फुटांच्या खिडकीचा घेर पाच मीटरच्या जरा आत, म्हणजे एका नळीत दीड खिडकी. दोन बेडरूमच्या फ्लॅटमधल्या दोन एसीच्या खोल्यांना साधारण तीन-चार नळ्या, फोमचा एक ७५० मिलिलिटरचा डबा, दारांसाठी १०-१२ मीटर रबरी पट्टी आणि अर्धा किलो एसी पुट्टी (पाईपभोवती भरायचा, कायम मऊ राहणारा लगदा) पुरते.

फट ६ मिलिमीटरपेक्षा रुंद असेल तर सीलंट थेट ओतू नका. आधी फोमची गोल दोरी, म्हणजे बॅकर रॉड, फटीपेक्षा पाव हिस्सा जाड घेऊन आत दाबा. १० मिलिमीटरच्या फटीला १२ ची. सीलंट दोन्ही बाजूंना चिकटलं पाहिजे, तळाला नको. तळालाही चिकटलं की ताण पडताच मधून फाटतं.

एसीचं भोक

बरीच गळती आणि सर्वात सोपा उपाय इथे आहे. नऊ इंची भिंतीत तीन इंचांचं भोक, त्यात दोन तांब्याचे पाईप, वायर आणि ड्रेनची नळी. उरलेल्या जागेत बसवणाऱ्याने वर्तमानपत्र किंवा चिंधी कोंबलेली असते, वर इनडोअर युनिट आल्याने काही दिसत नाही. पावसाळ्यात कागद ओला होतो आणि तिथून बुरशी धरते.

कागद ओढून काढा. भोकाचा उतार बाहेरच्या बाजूला आहे ना बघा, नऊ इंचांत निदान पाच-सात मिलिमीटर. पाईपवरचं काळं इन्सुलेशन भोकाच्या आतही अखंड हवं. ते फाटलेलं असेल तर तांब्यावर पाणी जमेल आणि तुम्ही ते भिंतीत कोंडाल. मग बाहेरच्या तोंडाला एसी पुट्टी दोन इंच खोल दाबून भरा, पाईपच्या मधल्या बेचक्यातही बोटाने सारा. ड्रेनची नळी दबणार नाही याकडे लक्ष ठेवा. पुट्टी कायम मऊ राहते, त्यामुळे पुढे पाईप बदलताना भिंत फोडावी लागत नाही. आतल्या तोंडाला तसाच एक थर.

आतलं भोक बंद करून बाहेरचं उघडं ठेवणं ही मोठी चूक. आपल्या हवेत दमटपणा बाहेरून आत येतो आणि गार भिंतीच्या पोटात त्याचं पाणी होतं. बाहेरची बाजू पहिली, हा नियम खिडकीलाही लागू आहे.

स्लायडिंग खिडकी

चौकट आणि भिंत यांच्यातला सांधा बाहेरून सील करा: जुनं सिलिकॉन कटरने पूर्ण काढा, कोरड्या ब्रशने धूळ झाडा, थिनरच्या फडक्याने ॲल्युमिनियम पुसा, दोन्ही कडांना मास्किंग टेप लावा, रेघ ओढा, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने दाबा आणि सिलिकॉन ओलं असतानाच टेप काढा. धुळीवर मारलेलं सिलिकॉन दोन महिन्यांत सालीसारखं निघून येतं. सोलापुरात झाडणं आणि पुसणं हेच निम्मं काम.

खिडकीच्या आत मात्र सिलिकॉन नको. तिथली गळती काचेच्या फ्रेमच्या कडेला असलेल्या केसाळ पट्टीतून होते. ही पट्टी काही वर्षांत उन्हाने चपटी आणि कडक होते. फ्रेम उचलून खाली उतरवा, जुनी पट्टी खाचेतून ओढा आणि तिचा तुकडा घेऊन ॲल्युमिनियमच्या दुकानात जा. पाया आणि उंची दोन्ही जुळायला हवेत. उंची एक मिलिमीटर कमी पडली तर काम फुकट, जास्त झाली तर खिडकी सरकत नाही. फ्रेमच्या तळाला चाकांचे स्क्रू असतात. खिडकी तिरकी बसत असेल तर ते फिरवून उभा सांधा वरपासून खालपर्यंत सारखा करा.

ट्रॅकच्या बाहेरच्या कडेला खाली छोटी आयताकृती भोकं दिसतील. ती पावसाचं पाणी बाहेर जाण्यासाठी आहेत. ती बुजवली की सप्टेंबरच्या पावसात पाणी ट्रॅकमध्ये साठून खोलीत उतरतं. लूमचे तंतू तिथे अडकतात, ते सुईने काढत राहा.

बीमखालची चीर आणि काळ्या मातीच्या भेगा

आरसीसी घरात विटांची भिंत बीमच्या तळाला जिथे भिडते तिथे आडवी चीर पडते, कारण वीटकाम नंतर थोडं खाली बसतं. रंगाखाली ती दिसत नाही, पण उदबत्तीचा धूर तिथे हमखास हलतो. चीर पटाशीने व्ही आकारात १० मिलिमीटर रुंद करा, धूळ काढा, बाहेरून आणि आतून लवचिक सीलंट भरा. वरून चार इंची फायबर जाळीची पट्टी आणि रंगाआधी लावतात ती भिंतीची पुट्टी. आत पोकळी लागली, म्हणजे सळई भस्सकन आत गेली, तर आधी फोम.

तिरक्या भेगांचं कारण वेगळं असू शकतं. सोलापूर भागातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, आणि पाया उथळ असेल तर त्याबरोबर भिंतही हलते. भेगेवर पेन्सिलने आडवी खूण करून मे आणि सप्टेंबरमध्ये रुंदी मोजा. फरक असेल तर लवचिक सीलंटशिवाय दुसरं काही टिकणार नाही. भेग ५ मिलिमीटरच्या वर असेल किंवा वाढत असेल तर आधी इंजिनिअरला दाखवा. सील केल्याने भेगेचं कारण जात नाही.

विजेचे पाईप, दारं आणि उरलेलं

स्विचबोर्डमधून गरम वारा येतो याचं कारण वायरींचा पाईप वर गच्चीपर्यंत जातो आणि तिथे त्याचं तोंड उघडं असतं. सोलर, डिश, पाण्याच्या टाकीची वायर, सगळ्यांचे पाईप बघा. गच्चीवरचं तोंड खाली वळवलेल्या बेंडने संपवा आणि त्यात पुट्टी भरा. पाऊसही आत येणार नाही. बोर्डच्या बाजूने काम करायचं तर मेन स्विच बंद करून, टेस्टरने खात्री करून, वायरमनकडून पाईपच्या तोंडात पुट्टी दाबून घ्या. बोर्डात कागद, कापूस किंवा फोम कधीही नको.

दाराच्या तीन बाजूंना चौकटीच्या खाचेत रबरी पट्टी लावा. तिची जाडी अशी निवडा की दार लावताना जरा दाबावं लागेल, पण कडी सहज बसेल. खाली ब्रशची पट्टी. शहाबादी फरशी सपाट नसते, दार फिरताना जिथे फरशी उंच असेल त्या जागी माप घ्या, नाहीतर ब्रश घासून महिन्यात जाईल. गार हवा जड असल्याने दाराखालून निसटते आणि तेवढीच गरम हवा वरून शिरते, म्हणून दार आणि वरची भोकं एकाच फेरीत उरकावीत.

केबलचं भोक, सिंकखालच्या पाईपभोवतीची जागा: पुट्टी किंवा सीलंट, पाच मिनिटांचं काम. न वापरल्या जाणाऱ्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे फरशीतल्या जाळीखालच्या वाटीतलं, पाणी उन्हाळ्यात आटतं आणि ड्रेनेजची हवा घरात येते. आठवड्याला एक तांब्या पाणी ओता.

जिथे हात लावायचा नाही

गॅस गिझर असलेल्या बाथरूमचा झरोका कधीही बुजवू नका. बंद जागेत तो कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला वास नसतो आणि बरेचदा माणूस बेशुद्ध झाल्यावरच कळतं. गिझर बाथरूमच्या बाहेर बसवून घेणं हाच खरा उपाय. स्वयंपाकघराची हवेची वाट, विशेषतः जमिनीलगतची, उघडी ठेवा. एलपीजी हवेपेक्षा जड आहे, तो खाली साठतो. इन्व्हर्टरची बॅटरी कोंडलेल्या कपाटात ठेवू नका, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं, ते कोरडं घासू किंवा ड्रिल करू नका.

घट्ट केलेल्या बेडरूममध्ये चार माणसं झोपणार असतील तर हवा साचते. झोपण्याआधी आणि उठल्यावर दहा मिनिटं खिडकी उघडा, किंवा रात्री बाथरूमचा छोटा एक्झॉस्ट अधूनमधून चालवा.

कधी करावं, कसं तपासावं

गड्ड्याची जत्रा (जानेवारीतली सिद्धेश्वराची यात्रा) उरकल्यापासून होळीपर्यंतचे दिवस या कामाला योग्य. भिंती कोरड्या असतात, सीलंट उन्हाने लगेच साल धरत नाही आणि चिरा मधल्या रुंदीच्या असतात. ओल्या भिंतीवर काम केलंत तर ओल आत अडकेल.

काम झाल्यावर उदबत्ती पुन्हा फिरवा, टेपच्या खुणा एकेक करून काढा. एसी २६ वर ठेवून रात्री दहा ते सकाळी सहा मीटरचं रीडिंग आधी तीन रात्री आणि नंतर तीन रात्री घ्या, बाहेरचं तापमान सारखं असलेल्या रात्री निवडून. पावसाळ्यात खोलीत साधा आर्द्रतामापक ठेवा. एसी तासभर चालल्यावर आकडा ६० टक्क्यांच्या खाली येत नसेल तर अजून एखादी फट राहिली असावी. पहिली शंका बीमखाली आणि फॉल्स सीलिंगच्या वर घ्या.